थिएटरच्या विटा

३ मार्च
बाबांनी आज पहिल्यांदा आमची वीट हातात घेतली. दोन विटा एकमेकींवर आपटल्या, कान लावला आणि म्हणाले, "मुकी आहे." झालं! पाडलेल्या घरांचा राडारोडा दळून वीट करायला मी जीवाचं रान केलं, निकाल दोन शब्दांत. भट्टीतली वीट खणखणते. आमची साच्यात दाबून, पाणी मारून पक्की केलेली — ती कशाला खणखणेल? सांगून पाहिलं. "उष्टं ते उष्टंच," म्हणे.

४ मार्च
शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आधी नमुन्याची भिंत दाखवा, मग शाळेचं नवं वाचनालय तुमच्याच विटांचं. हे काम गेलं तर कारखान्याला कुलूप. पण गावातले झाडून सगळे गवंडी बाबांच्या हाताखाली शिकलेले. "मोठे मिस्त्री हात लावू देत, मग आम्ही." म्हणजे घोडं घरातच अडलं.

६ मार्च
बाबांच्या खुर्चीशेजारी एक वीट ठेवली. त्यांनी तिच्यावर चष्मा ठेवला. ही प्रगती समजायची का?

७ मार्च
थाप मारली. धडधडीत. बाबांनी तरुणपणी शेजारच्या गावात सिनेमा थिएटर बांधलं होतं. ते बंद पडलंय, पाडणार आहेत, एवढंच माझ्या कानावर होतं. मी ठोकून दिलं — "पाडलं, बाबा. ह्या विटा त्याच राडारोड्याच्या."
बाबांचा घास हातातच राहिला. मग ताट सारून ते उठले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च
बाबा दिवसभर गायब. संध्याकाळी आले. आईने विचारलं तर "पाय मोकळे करायला गेलो होतो." चपला धुळीने पांढऱ्या.

९ मार्च
थापी, ओळंबा, दोरी घेऊन बाबा सकाळीच कारखान्यात! वीट भिजवली, आपटली, उलटीपालटी केली. "आवाज नाही, पण दम आहे. माल कुणाचा होता शेवटी!" मी मान डोलावली. दुपारपर्यंत सगळे गवंडी गोळा. बाबा रचतायत आणि थिएटरच्या गोष्टी सांगतायत. बाल्कनीचा जिना दुपारच्या गोष्टीत चौघांनी बांधला होता, संध्याकाळच्या गोष्टीत बाबांनी एकट्याने.

१४ मार्च
मोठ्या बाईंनी भिंतीला खांदा लावून ढकलून पाहिलं. भिंत ढिम्म. वाचनालय आपलं!
सगळे हसत होते, मला मात्र माझी थाप आठवत होती. खरं सांगितलं तर बाबा स्वतःच्या हाताने ही भिंत उतरवतील. त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे.

१५ मार्च
शेवटी मी खरं सांगायला बसले. "बाबा, ते थिएटर —"
"उभं आहे," बाबा थापी पुसत म्हणाले. "भिंतीला हात लावायच्या आदल्याच दिवशी बघून आलो. वॉचमनने चहा पाजला. वाचनालयाचा पाया कधी खणायचा?"