पाचवीचं नख

मामा, एवढ्या उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हाला जाऊन तीस वर्षांच्या वर झाली आणि जे सांगायचं आहे ते त्याहूनही जुनं आहे. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून अर्जापलीकडे तुमच्या या जावयाने काही लिहिलेलं नाही. आज सकाळी टेबलाशी वही घेऊन बसलो तर तुमच्या लेकीने विचारलं, "कुणाला लिहिताय एवढं?" म्हटलं, मामांना. ती म्हणाली, "आप्पांना? वरचा पिनकोड ठाऊक आहे वाटतं." आणि पोळ्या लाटायला निघून गेली. तिचा स्वभाव तुमच्यावरच गेलाय. तिचं पाऊल वाजलं की मी वहीवर हात ठेवतो. तिने हे वाचू नये. म्हणजे वाचावं, पण आज नको.

परवा लोणी काळभोरहून एक गृहस्थ आले होते. पंचावन्नच्या पुढचे, अंगाने भरलेले, शेती आणि विटांचा धंदा. आपली रविवार पेठेतली सोनारकामाची खोली शोधत गेले, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. कुणीतरी पत्ता दिला म्हणून विचारत विचारत धायरीला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले. दार उघडलं तरी साखळी मी काढली नाही, कारण अनोळखी माणूस दारात आला की मला आधी वाईटच सुचतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत काळ्या गोफात ओवलेलं एक नख होतं, वर चांदीचं टोपण, टोपणाला तुमची ती वेलाची कड. मी ते लगेच ओळखलं. हातात घेतलं नाही.

"काका, आईनं सांगितलं हुतं, हे तुमच्या सासऱ्यांच्या हातचं हाय. माझ्या पाचवीला आत्यानं घातलं. आता गुरुवारी नातवाचं बारसं हाय. त्याच्या गळ्यात घालायचं म्हनतो, तर आमचा मेव्हणा म्हनतो, खरं वाघनख असंल तर आत जाशील. तुम्हीच सांगा, खरं का खोटं?"

मामा, तुम्हाला त्यांची ती आत्या आठवते का? मला आठवते, जशी काही आत्ता समोर बसली आहे. तुमच्या मुलीशी माझं लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं. तुम्ही साताऱ्याला लग्नाला निघालेले, पायात चपला सरकवताना सांगून गेलात, "जावईबापू, नखाचं काम आलं तर आठ दिवस लागतील म्हणून सांगा. पटलं तर ठेवतील." तुम्ही गेलात आणि दुपारी ती आली. पदराच्या टोकाला फडक्यात बांधलेलं नख, तिच्या नवऱ्याने चांद्याकडच्या जंगलातून आणलेलं, अगदी कच्चं. बुडाशी वाळलेलं मांस, चार केस, आत हाड. ती म्हणाली, "दादा, भावाची दोन गेली. काल तिसरं झालंय. पाचवीला सटवाईच्या पाटावर हे पायजेच." मी म्हटलं, आठ दिवस लागतात. ती म्हणाली, "सटवाई आठ दिस थांबती व्हय?" आणि पायरीवर बसली. उठेचना. मी हो म्हटलं. माझी पहिली चूक तीच, आणि तिची मला अजूनही लाज वाटत नाही. लाज पुढच्याची वाटते.

तुमची रीत मला पाठ होती. मातीच्या वाडग्यात कोमट पाणी, त्यात चिमूटभर राख, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पाच-सहा दिवसांत हाड आपोआप सैल होतं, मग दोन बोटांनी फिरवून काढायचं, ओढायचं नाही. आतून बांबूच्या कामटीने खरवडायचं, सावलीत वाळवायचं, विटेच्या वस्त्रगाळ पुडीने घासायचं, शेवटी तिळाच्या तेलाचं बोट. पोकळीत लाख भरायची आणि मग टोपण. विस्तवाजवळ न्यायचं नाही, हे तुम्ही किती वेळा सांगितलं होतं. माझ्या हातात तीन दिवस होते. मी पितळी भांड्यात पाणी उकळलं, धुण्याचा सोडा टाकला आणि नख सोडलं. हाड लगेच निघालं. मी खूश होतो, मामा. तुम्हाला सहा दिवस लागतात ते मी अर्ध्या तासात केलं म्हणून स्वतःशी हसलोसुद्धा. सकाळी पाहतो तर नख सुकून टोकापासून बुडापर्यंत उभं तडकलेलं, आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले.

मग मी गल्लीच्या तोंडाशी शिंगाच्या फण्या करणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडून बैलाच्या शिंगाचं फिकट टोक आणलं. दिवसभर कानशीने घासून बाक दिला, पोटाला खाच पाडली, तेल लावलं. चांगलं झालं होतं. इतकं चांगलं झालं होतं की मलाच भीती वाटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. कोपऱ्यातलं पितळी भांडं पाहिलंत. नख उचलून उजेडाकडे धरलंत, अंगठा फिरवलात. तुम्ही म्हणालात, "टोपण मी बसवतो. तुम्ही जेवून या." मी जेवून आलो तेव्हा टोपण बसलेलं होतं आणि तुम्ही हात धूत होता. दुसऱ्या दिवशी आत्या आली, नख कपाळाला लावून घेऊन गेली. तुम्ही कधी काही विचारलं नाही. मी धरून चाललो की तुम्हाला कळलं नाही. चार-दोन वर्षांत वन्यप्राण्यांचा कायदा आला, नखांचं काम बंदच झालं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्या पोराला ताप आला असेल का, तो जगला असेल का, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. लोणीचं कुणी भेटलं की मी दुसरीकडे बघायचो.

म्हणून परवा ते गृहस्थ समोर बसल्यावर, ते जगले, वाढले, आजोबा झाले हे पाहून, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घाबरू नका. ते वाघाचं नाही. बैलाचं शिंग आहे. मीच केलंय." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ते खो खो हसत सुटले. "म्हंजे पंचावन्न वर्षं मी बैल गळ्यात घालून हिंडलो? आन् कुस्तीच्या आखाड्यात सगळ्यांना वाघ म्हनून दाखवला!" आतून तुमच्या लेकीचा आवाज आला, "शेतकऱ्याच्या पोराला बैल पावला, त्यात वाईट काय?" त्यांनी ते लिहून मागितलं. मी कागदावर लिहून दिलं, हे शिंग आहे, मी घडवलं आहे, खाली सही. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, नख धुऊन चकचकीत करायला माझ्याकडे ठेवलं आणि चहा पिऊन गेले. बुधवारी न्यायला येणार. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी गॅस बंद आहे का ते एकदाच पाहिलं.

ते गेल्यावर ती कपबशा उचलताना म्हणाली, "माझ्या गळ्यातलं तरी खरं होतं ना? लहानपणी सारखं चावायचे मी ते. आई ओरडायची. आतल्या बाजूला दाताचा खळगा पडला होता." मी विचारलं, मग गेलं कुठे? "विचारलं होतं आप्पांना. म्हणाले, ठेवलंय कुठेतरी. दादाच्या पोराला दिलं असणार, दुसरं काय. लेकीचं कोण जपतं?" तिने हे नेहमीच्या सुरात म्हटलं. पण मामा, तिने भावाकडे जाणं कमी केलं त्यात हेही एक होतं, हे मला माहीत आहे.

काल मी रिठ्याच्या पाण्यात नख धुवायला घेतलं. मऊ ब्रशने पोट घासताना माझ्या बोटाला काहीतरी खोलगट लागलं. भिंग लावलं. मी केलेली खाच सरळ होती, ही नव्हती. हा छोटासा खळगा होता, झिजून गुळगुळीत झालेला. मग टोपण ऊब देऊन सैल केलं. शिंगाचा माझा तुकडा भरीव होता. हे आतून पोकळ आहे आणि पोकळीत तुमची लाख आहे, लालभडक, कालच भरल्यासारखी.

म्हणजे तुम्हाला त्याच संध्याकाळी सगळं कळलं होतं. मी जेवत होतो तेवढ्यात तुम्ही आपल्या लेकीचं नख पेटीतून काढलंत आणि परक्याच्या पोरासाठी बसवलंत, आणि मला खाली मान घालायला लावली नाहीत. आणि आता मला आठवतं, पुढे कित्येक वर्षं मी कुठल्याही कामात घाई केली की तुम्ही म्हणायचात, "जावईबापू, पाण्याला आधण येऊ देऊ नका." मी सोन्याला डाग देऊन सांधा जोडत असायचो, पाणी कुठे जवळपासही नसायचं. मला वाटायचं, मामांचं वय झालं.

आता माझी सही असलेला खोटा कागद लोणीला आहे आणि खरं वाघनख माझ्या टेबलावर. गुरुवारी ते बाळाच्या गळ्यात पडेल, फोटो निघतील, सगळीकडे जातील, आणि उद्या कुणी विचारलं तर तो भला माणूस माझा कागद दाखवील. त्याला फोन करून सांगावंच लागेल, की घालू नका, ते वन खात्याकडे जमा करू, मी स्वतः बरोबर येतो. पण मग ती विचारणार, खरं कसं निघालं? आणि मला तिला सांगावं लागेल की तिचं नख भावाकडे गेलंच नव्हतं, माझ्या सोड्याच्या पाण्यापायी गेलं. पन्नास वर्षं ती चुकीच्या माणसावर रुसली आणि मी शेजारी बसून जेवत होतो.

आणखी एक. ते तडकलेलं नख मी टाकलं नव्हतं. बिस्किटाच्या डब्यात, बटणांखाली आहे. कायदा आल्यापासून दर वेळी पोलिसांची गाडी सोसायटीत आली की मला तो डबाच आठवतो. जमा करायची तर दोन्ही करावी लागतील. तेही सांगावं लागेल.

फोन जवळच आहे. नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. सकाळपासून दोनदा उचलला आणि ठेवला. खरं सांगायचं तर तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणूनच तुम्हाला आधी सांगितलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, तेही मला ठाऊक नाही, त्याच डब्यात ठेवीन. ती आतून हाक मारतेय, "झालं का आप्पांशी बोलून? पोळ्या गार होतायत." आज सोमवार आहे. आधी तिला सांगू की आधी लोणीला, एवढंच विचारायचं होतं. बुधवारच्या आत कळवा, मामा. कसंही कळवा, पण लवकर.