पुतळ्याला गार लागत नाही

८ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

आपल्या नर्सिंग-शिक्षिका संघटनेचं पत्र परवा हातात पडलं. शिक्षण समितीच्या यादीत तुझं नाव बघून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणजे आता समितीत मावशी आणि भाची दोघी. अध्यक्षीणबाई म्हणतील, ही समिती आहे की घरचं कार्य! निवडणुकीला उभी राहा म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते, तेव्हा अर्धं अभिनंदन मी स्वतःकडेच ठेवून घेते.

हे फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं, असं मात्र समजू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि मी नुसतं हो हो करत राहते. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि मी वाचते.

बैठकीला तुमच्या गावी येणं आता माझ्या गुडघ्यांना मंजूर नाही. माझं मत मी लेखी पाठवीन, ते तू वाचून दाखव. वाचताना घाई करू नकोस. शेवटचा शब्द गिळायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे.

कॉलेजात सध्या पहिल्या वर्षाच्या मुलींचं बेड-बाथचं प्रात्यक्षिक चालू आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला जागेवरच अंघोळ घालायची, ते. पेशंट नेहमीप्रमाणे मीच. दवाखान्याचा ढगळ गाऊन घालून मी पलंगावर पडते. दोघी जणी माझे हातपाय धुतात, तोंड आणि पाठ पुसतात, केस विंचरतात, मला न उठवता खालची चादर बदलतात. मी डोळे मिटून चुका पकडते. यंदाची तुकडी जरा मठ्ठच म्हणायची, प्रत्येक जोडीकडून दोन दोनदा करून घ्यावं लागतंय. प्राचार्यबाई दारात येऊन घड्याळाकडे बघून गेल्या. बघू देत. मे अखेर निवृत्तच होते आहे, आता काय बिघडवणार आहेत माझं?

घरी ठीक. वरच्या मजल्यावरचं जोडपं मुलाकडे राहायला गेलं. जिन्यात आता माझ्या एकटीच्याच चपला वाजतात. एकटीला घर खायला उठतं म्हणतात. माझं घर बिचारं खायला वगैरे उठत नाही, पण साधी चौकशीही करत नाही. खांदा अजून धरलेलाच आहे. तू कधी येतेस?

लोभ आहेच, त्याला अधूनमधून शाई दाखवत जा.

तुझी,
मावशी


२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पहिली बैठक पार पडली. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली होती, पण अध्यक्षीणबाईंनी तुझी भाची म्हणून मला उचलून आपल्या शेजारी आणून बसवलं. नंतर सगळ्यांनी तुझ्या रागाचे किस्से सांगितले. मी भर घातली नाही, शपथ.

आता जे लिहायचं आहे ते छापील मसुद्यातून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. बेड-बाथ शिकवताना जिवंत माणसाला पलंगावर झोपवायचं नाही, प्रत्येक कॉलेजने सरावाचा प्लास्टिकचा पुतळाच वापरायचा, असा ठराव आला आहे. तो मीच मांडला आहे.

रागावण्याआधी पुढचं वाच. तू स्वतः झोपतेस, पण बाकीच्या कॉलेजांतून कोणती ट्यूटर झोपते? आमच्याकडे मुलींपैकीच एकीला झोपवतात. नोव्हेंबरात अशीच एक मुलगी झोपली. तिच्या पाठीवर लहानपणी भाजल्याचा मोठा डाग होता. तो तिने वसतिगृहात कुणालाही दिसू दिला नव्हता. ट्यूटरने शिकवण्याच्या भरात गाऊन खाली ओढला आणि सगळ्या वर्गाने तो बघितला. मुलगी उठली, कपडे घातले आणि घरी निघून गेली. मी तिच्या घरी जाऊन आले. ती आतल्या दाराआड उभी होती, बाहेर आलीच नाही. आई म्हणाली, त्या पलंगावर पुन्हा झोपावं लागणार नसेल तरच ती परत येईल. मी शब्द देऊन आले आहे.

तुझं मत मला हवं आहे, विरोधात असलं तरी. पुढच्या बैठकीत एक शब्दही न गिळता वाचीन.

इकडे कॉलेजची तपासणी जवळ आली आहे. ती आटोपली की नक्की येते. मागच्या वेळीही असंच म्हणाले होते, माहीत आहे.

खांद्याला शेक दे आणि माझ्यावरचा राग तिथेच थोडा शेकून घे. माया कमी करू नये, एवढंच मागणं.

तुझी,
चिंगी


१२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

वाचलं. पोरीचंही वाचलं. त्या ट्यूटरला माझ्यापुढे आणून उभी कर, मग सांगते मी तिला गाऊन कसा काढतात ते. पण एकीला सुरी धरता येत नाही म्हणून सगळ्यांच्या घरातल्या सुऱ्या गोळा करायच्या का?

पुतळ्याला गार लागत नाही. कानात साबणाचं पाणी गेलं तर तो दचकत नाही. टाच उचलताना बोटं रुतली तरी हूं करत नाही. नको तेवढं अंग उघडं राहिलं तर त्याला लाज वाटत नाही. मग मुलगी शिकणार काय? प्लास्टिक पुसायला? ते तर फरशी पुसूनही शिकता येतं. धुताना माणसाच्या अंगावर काटा येतो, तो आपल्यामुळे आला हे हाताला कळावं लागतं. हे सगळं सोबतच्या चार पानांत नीट लिहिलं आहे. मुलींना मुळीच झोपवू नये, हे मलाही मान्य. पण ट्यूटर आपणहून झोपत असेल तर तिला अडवणाऱ्या तुम्ही कोण?

यंदा एक उंच मुलगी आहे, जरा वाकूनच चालते. तिचे हात बघायला हवेस तू. आधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघते. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करते, बाकी मला गळ्यापर्यंत झाकून ठेवते. पायाच्या बोटांच्या मधलं न सांगता टिपते. कुशीवर वळवताना हात पाठीवर असा सपाट ठेवते की पडायची भीतीच वाटत नाही. केस विंचरताना गुंता मुळाशी धरून सोडवते, एकदाही ओढ बसली नाही. तिच्याकडून तिसऱ्यांदा करून घेतलं. प्राचार्यबाईंनी पुन्हा विचारलं की यंदा एवढा वेळ का लागतोय. मी म्हटलं, मुली कच्च्या आहेत.

थंडी अजून हटलेली नाही. दूधवाला आता पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातो, त्यामुळे रविवारी तोंडातून शब्द निघायचं काही कारणच उरत नाही. मी मसुद्यावरचं मत मोठ्याने वाचून बघितलं, तेवढाच घशाला व्यायाम.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही तुझ्याच वाट्याला, दुसरं आहे कोण?

तुझी,
मावशी


१८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चार पानं मी सावकाश वाचली. वाचून झाल्यावर अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की ट्यूटर स्वखुशीने झोपणार असेल तर सूट ठेवू या. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे तू जिंकली होतीस.

विरोध मी एकटीने केला. समितीत मी कारण दिलं की सूट ठेवली की तिच्याआडून पुन्हा मुलींनाच झोपवलं जाईल. ते खरंच आहे आणि त्यांना पटलंही. ठराव सूट न ठेवता मंजूर झाला.

पण माझं खरं कारण वेगळं होतं. ते तिथे सांगितलं नाही, तुला सांगते.

मी तुझ्या हाताखाली शिकले आहे. एकदा बरोबर आलं की तू पुन्हा करू द्यायची नाहीस, पेशंटला उगाच भिजवू नका म्हणून ओरडायचीस. त्या उंच मुलीबद्दल तू एवढं लिहिलंस, पण त्यात तिची एकही चूक नाही. मग तिसऱ्यांदा का, मावशी? ते वाचून मी कागद खाली ठेवला. तुला हात लावून बोलणारं शेवटचं माणूस कोण होतं ते आठवायचा प्रयत्न केला. माझ्यापर्यंत येऊन थांबले, आणि मी आले होते त्याला आता वर्ष उलटून गेलं.

सूट ठेवली असती तर मे अखेरपर्यंत तुझं भागलं असतं, आणि माझंही. तू बरी आहेस असं समजून मी अजून एक तपासणी, अजून एक परीक्षा पुढे ढकलत राहिले असते. तुझ्या अंगाला माणसाचा हात लागायला अभ्यासक्रमातलं कलम लागू नये, असं मला वाटलं. उद्धटपणा झाला असेल, पण मागे घेत नाही.

माया असू दे. नसली तरी मी तुझीच.

चिंगी


२६ मार्च

माननीय सदस्या, शिक्षण समिती, यांस,
स. न. वि. वि.

ठरावाची प्रत मिळाली. त्यानुसार या कॉलेजने पुतळा मागवला आहे.

सदस्यांच्या खासगी आयुष्याची काळजी वाहणे हा समितीचा विषय आहे, असे संघटनेच्या घटनेत कुठे वाचल्याचे आठवत नाही. प्रकृती आणि वयोमान यांमुळे मी समितीचा राजीनामा सोबत जोडत आहे. तो अध्यक्षांपुढे ठेवावा.

कळावे.

आपली,
ज्येष्ठ ट्यूटर


४ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं "आपली" वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. तुला बरं वाटावं म्हणून सांगते.

राजीनामा माझ्या कपाटात आहे, अध्यक्षीणबाईंना दिलेला नाही. हवी तर माझी तक्रार कर, पण तक्रारही समितीकडेच येईल आणि वाचून मीच दाखवीन.

डाग असलेली ती मुलगी परत आली. मागच्या बाकावर बसते, पण आली.

मला रजा मिळाली आहे. वीस तारखेला सकाळच्या गाडीने निघते. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी आपली स्वयंपाकघरात बसून पेपर तपासीन. दार तेवढं उघड.

रुसवा कितीही धर, पत्ता बदलू नकोस.

तुझी,
चिंगी


१२ एप्रिल

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

पुतळा आला. मुलींनी त्याचं नाव ठकूताई ठेवलं. पहिल्याच दिवशी कुशीवर वळवताना ठकूताईचा हात खांद्यातून निखळून एकीच्या हातात आला. ती किंचाळली आणि सगळा वर्ग हसून लोळला. मीही हसले. माझा खांदा निदान जागेवर तरी आहे.

मी पलंगाशेजारी उभी राहून शिकवलं. इतक्या वर्षांत त्या पलंगाकडे वरून कधी बघितलंच नव्हतं. हातांचं काय करावं कळेना. सारखी चादर सारखी करत राहिले.

तास संपल्यावर उंच मुलगी मागे थांबली. म्हणाली, फेब्रुवारीत माझं नेमकं काय चुकलं होतं? ती घरी आजीला धुऊन सराव करते आहे, मैत्रिणींना विचारते आहे, पण चूक सापडत नाही म्हणून तिला झोप लागत नाही. हे ती माझ्याकडे न बघता बोलत होती. चिंगे, इतके आठवडे ते लेकरू नसलेली चूक शोधत होतं. मी तिला सांगितलं की तुझं काहीच चुकलं नव्हतं, पहिल्या वेळीही नाही. मग तीनदा का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चूक माझी होती. ती घाईघाईने नमस्कार करून निघून गेली. तिला सुटल्यासारखं वाटलं की माझी कीव आली, कळलं नाही. दोन्ही असेल.

तेव्हा तू लिहिलंस ते खरं आहे. चार पानं भरून मी पेशंटबद्दल लिहिलं. सगळं खरं होतं आणि मी आजही त्यावरून भांडेन. पण मला स्वतःला तो हात हवा होता, हे त्यात कुठेच नव्हतं. ती पाठीवर तळवा ठेवायची तेव्हा वाटायचं, आता चूक काढली नाही तर हिचं संपेल आणि ही हात काढून घेईल. म्हणून काढली. एकटेपणाची सवय होते असं मी सगळ्यांना सांगते. होत नाही. नुसतं तसं सांगायची सवय होते.

राजीनामा कपाटातच राहू दे. निवृत्तीनंतर कुणाशी तरी भांडायला हवंच.

वीस तारखेला ये. पेपर आणू नकोस. आपल्या घरात कुणी कुणाला कधी जवळ घेतलं नाही. तुझ्या आईला आणि मला ते कुणी शिकवलंच नाही, आणि आम्हीही तुला शिकवलं नाही. म्हणून लिहून ठेवते. दार उघडल्यावर आधी मला जवळ घे. मी काहीतरी बोलेन, गाडीला उशीर झाला का, चहा टाकू का, असलं काही. टाळायला बघेन. टाळू देऊ नकोस.

तुझी,
मावशी