आधी चहा घेऊ

२ मार्च
पोचले एकदाची! शुश्रूषागृह छान आहे, माझ्या खोलीत भरपूर ऊन येतं. आमच्या कंपनीचा यंत्रमानव महिनाभर इथे वावरणार आणि मी त्याला वळण लावणार: पाणी देणं, चष्मा शोधून देणं, हाताला धरून संडासापर्यंत नेणं. इथल्या मंडळींनी त्याचं बारसं आधीच उरकलंय. जावईबापू! कामापेक्षा त्यांचीच उठबस जास्त, म्हणून.

बरेच जण दिवसभर घरी जायचं म्हणतात. नाही म्हटलं की चिडतात. म्हणून जावईबापूंना मी माझी घरगुती युक्ती शिकवली: 'हो, जाऊ या ना. आधी चहा घेऊ.' चहा संपेपर्यंत माणूस विसरतो. लेक बागेत जायचा हट्ट धरते तेव्हा मी हेच करते, फक्त चहाऐवजी दूध. आता ती बाहुलीलाही 'हो, जाऊ या ना' म्हणत तशीच गुंडाळते. महिनाअखेरीस नवरा तिला घेऊन मला न्यायला येईल. तोवर तिच्याशिवाय करमणं कठीण आहे.

५ मार्च
आज म्हातारपणाचा पोशाख घातला. आमच्या धंद्यात ही पद्धतच आहे. गुडघ्यांना कडक पट्टे, जाड हातमोजे, धूसर चष्मा. म्हातारपणी साधा पेला उचलणं म्हणजे काय, ते तरुण इंजिनिअरला त्याशिवाय कळत नाही. माझ्याआधीच्या बाईंचा पोशाख इथल्याच कपाटात होता. त्या म्हणे काम अर्धवट टाकून, निरोपही न घेता गेल्या. मला तो अगदी मापात बसला. पेला सांडला, स्वतःचंच हसू आलं. रोज घालायचं ठरवलंय.

खिडकीपाशी बसणाऱ्या आजी मात्र संतापल्या. त्या स्वतःला इंजिनिअर म्हणवतात. जावईबापू आपणच बनवले म्हणतात. पोशाख घालू नकोस, असं मला पुन्हा पुन्हा बजावत होत्या. मेट्रनबाई म्हणाल्या, मनावर घेऊ नका, आमच्याकडे दोन माजी राजेही आहेत.

११ मार्च
जावईबापूंनी आज मला मावशी म्हटलं. कालपर्यंत मी ताई होते. ते चाल बघून वय ठरवतात आणि तशी हाक मारतात. ही सोय माझीच. पण मी तर पोशाखात नव्हते! कुणीतरी त्यांच्या आतल्या आज्ञा बदलल्या असणार. माझा संशय मेट्रनबाईंवर आहे. यंत्र टिकलं तर आपल्या हाताखालच्या आया कमी होतील, ही धास्ती त्यांना आहेच. वरून गोड बोलतात.

सगळं तपासलं. कुठेही खोट नाही.

१५ मार्च
पोशाख न घालताही पेला सांडला. दमले असेन. खिडकीतल्या आजी आता नुसत्या माझ्या हातांकडे बघतात. जावईबापू न बोलावता येऊन माझं कोपर धरतात. मेट्रनबाई लांबून बघत असतात. यांचं सगळ्यांचं काहीतरी संगनमत आहे.

१९ मार्च
जावईबापू आजी म्हणाले. मला!

सगळं धुरकट दिसतंय. चष्मा कपाटात आहे, हाताने चाचपून आले — तरी धुरकट. हातमोजे नाहीत — तरी बोटं वळत नाहीत. जावईबापूंमध्ये दोष नव्हताच. ते पहिल्यापासून खरं बोलत होते.

भीती वाटते. फार.

२२ मार्च
खिडकीतल्या आजींना वय विचारलं. चाळीस म्हणाल्या. रडल्या नाहीत —

घरी फोन केला. नवऱ्याने विचारलं, कोण आजी बोलताय? आणि ठेवला.

२६ मार्च
नव्या आयाला सांगितलं मी कोण. हो ना आजी, म्हणाली, जावईबापू तुम्हीच बनवलेत.

मेट्रनबाई बाहेर कुणाला तरी सांगत होत्या — हीसुद्धा गेली, निरोप न घेता —

पोशाख कपाटात नाही. धुवायला दिलाय. नवी इंजिनिअर येणार म्हणून.

३१ मार्च
आली! माझी लेक — दारातच आहे. नवरा मेट्रनबाईंवर ओरडतोय, माझी बायको कुठे —

तिला हाक मारली. आवाज कसला, नुसती घरघर. घरी ने म्हटलं. घरी ने, बाळा —

ती थांबली. जवळ आली. घाबरली नाही. किती गुणाची — माझा मोकळा हात धरलाय, कुरवाळतेय, म्हणतेय, हो आजी, जाऊ या ना. आधी