आधी भाकर

आबा, तुमच्या पणतीचा काल फोन आला होता. समाजशास्त्र घेऊ की मानववंशशास्त्र, विचारत होती. घरात सगळ्यांना दोन्ही सारखीच निरुपयोगी वाटतात, म्हणून तिला आत्याआजीची, म्हणजे माझी, आठवण झाली. एरवी दिवाळीला तिच्याकडून मोबाईलवर मातीच्या पणतीचं चित्र येतं, तेवढंच.

तिच्या वयात हाच प्रश्न घेऊन मी तुमच्यापुढे उभी होते. सिस्टरांच्या शाळेत शिकलेली, आपल्या पासली गावच्या चिखलाला नाक मुरडणारी. तुम्ही भाताच्या आवणीहून येऊन पाय धुताय. मला मानववंशशास्त्र हवं होतं. फरक सांग, म्हणालात. म्हटलं, समाजशास्त्रवाले बहुतेक शहरात प्रश्न विचारतात, मानववंशशास्त्रवाले गावात येऊन राहतात. तुम्हाला लगेच आदल्या वर्षी गावात आलेला, त्याच शास्त्राचा विद्यार्थी आठवला. आपल्या ओट्यावर टेकला आणि कुणाची सोयरीक कुणाशी होते, हे विचारायला लागला. आपल्याकडे दारात आलेल्याला जेवल्याशिवाय काही विचारत नाहीत, त्यानंही विचारायचं नसतं. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, आदी भाकर खावा." तो म्हणाला, डबा आणलाय. आईची नाचणीची भाकरी ताटात तशीच राहिली. गावावर भार टाकू नका, असं कॉलेजनं त्याला बजावलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तुम्हाला कळलंच नाही.

"आपली भाकर ज्येंला चालत न्हाई, त्येंच्या इद्येत तू शिरायचं न्हाई." झालं. एका भाकरीवर माझा जन्म ठरला. त्याचा राग अजून गेलेला नाही. कारण आबा, आम्ही समाजशास्त्रवालेही डबेच नेत होतो. पुण्यातल्या सोसायट्यांमधून एकट्या म्हाताऱ्यांना विचारायचो, आठवड्यात तुमच्याकडे कोण कोण येतं? ते दाराकडे बघायचे. मी 'कोणी नाही'पुढे खूण करायची आणि शेजारची बेल वाजवायची. चहा घ्या म्हणाले तरी मी थांबत नसे. आता मी पासलीत राहते. संध्याकाळची वेल्ह्याची एसटी येते, चार माणसं उतरतात, आपापल्या घरी जातात. मला तो प्रश्न विचारायला एकही शहाणा फिरकत नाही.

पोरीला मी मानववंशशास्त्र घे म्हणाले. ती हसली. "आत्याआजी, तुम्ही तर जन्मभर समाजशास्त्र शिकवलंत."

"म्हणूनच सांगतेय."

मग मी बरंच व्याख्यान दिलं. माणसांत राहावं लागतं, महिनोन्‌महिने, त्यांच्या घरात, त्यांच्या चुलीपाशी. ती म्हणाली, पण तसं गाव कुठं मिळायचं? म्हटलं, गावांना काय तोटा आहे, बघू.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. व्याख्यानातलं एक अक्षरही शास्त्रासाठी नव्हतं, हे तुम्ही पाय धुता धुता ओळखलं असतं. सकाळी आतल्या खोलीतली गादी उन्हात घातलीय. पोरगी ओट्यावर टेकल्या टेकल्या प्रश्न विचारायला लागली, तरी मी तिला थांबवणार नाही, आबा.