डुकरीनचं पयलं दूध

१२ जानेवारी १९६३
मी कामाले असते त्या फारमवरची, माह्याकडची डुकरीन व्याली. नऊ पिल्लं! ढोरांच्या डाक्तरनं, सूर्यभान साहेबानं, व्यायच्या आधी तिच्या कानातून रगत काढलं, व्याल्यावर पुन्हा काढलं. जिवाले काही चैन हाय काय तिच्या! मी तिचं पयलं दूध पिळून मातीत टाकलं — बाळंतिणीचं टाकतो तसं. पिल्लांले येगळं ठेवून गूळपाणी.

१४ जानेवारी
चार गेली. हगवण. काहून?

१५ जानेवारी
दोनच उरली. साहेबानं त्यायचं रगत तपासलं अन् भडकला. "जाईबाई, यायले आईचं पाजलंच नाही काय?" खरं सांगितलं. डोकं धरून बसला. मंग म्हणे — व्यायच्या येळेस आईच्या अंगातले हार्मोन बदलतात, रगतातल्या पांढऱ्या पेशी वर-खाली होतात. रोगाशी लढायची ताकद रगतातून पयल्या दुधात उतरते. पिल्लू पोटातून कोरंच येते. ते दूध पयल्या दिवशीच पोटात गेलं पाहिजे.
"अन् माणसाचं?"
"माणसाचं लेकरू थोडी ताकद पोटातूनच आणते. तरी ते दूध फेकू नये बाई."
माह्या पोरीची, शालूची, दोनही लेकरं अशीच गेली. गूळपाण्यावर! अन् आता तिचे दिवस भरत आले.

१७ जानेवारी
जुन्या शहरात शालूच्या सासरी गेली. सासू मनकर्णाबाईले समदं सांगितलं. हसली! "ईनबाई, डुकरीनची अक्कल माह्या सुनेले शिकवता?"
मी म्हटलं, "दोन पुरले, तिसरंही पुरता काय?"
मीच जास्त बोलली. मंग तिचे पाय धरले. मी! तिनं पाय ओढून घेतले. शालू चुलीपाशी खाली मान घालून बसली होती.

१८ जानेवारी
कामाले गेली नाही. जावई आईपुढे तोंड उघडत नाही. पोरीले उचलून आणू काय? कोणाले सांगू? कोणीच नाही.

२० जानेवारी
निरोप आला. धावत गेली. शालू बाळंत झाली — जुळ्या पोरी. हात जोडले. मनकर्णाबाईनं दोघी पोरींकडे पाह्यलं. मंग म्हणे, "भांडण नको ईनबाई. एक पोर तुमच्या रीतीनं, एक आमच्या. उचला तुमची."
तिच्या ओट्यावर बसून हे लिहून राह्यली. आत दोघीही रडून राह्यल्या. कोणती उचलू?