रानात पुरलेले बनियन

शेवगाव, ८ सप्टेंबर २०२४

ती. रतनआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. तुझ्या हुकमाप्रमाणे दोन सुती बनियन दोन महिने पुरले होते. एक माझ्या नांगरलेल्या रानात, एक तुझ्या चार वर्षं नांगर न लावलेल्या एकरात. नांगरलं नाही की माती जिवंत राहते, तिच्यातले जिवाणू सुती कापड खातात, म्हणाली होतीस ना? काल उकरले, दोन्ही शाबूत. धुऊन एक अंगात घातला, तर तुझी भावजय म्हणाली, तुमच्यापेक्षा बनियनच तरुण दिसतो.

भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
काकासाहेब

कोपरगाव, १४ सप्टेंबर

चि. काकासाहेब यास अ. उ. आशीर्वाद.

वाचून आधी हसले, मग माझेच शब्द आठवले. बचत गटातल्या बायकांना मी या जिवाणूंचे गोडवे असे सांगायचे, जणू माझ्या माहेरचीच माणसं. चौथी पास बाईनं शेतीतज्ज्ञ व्हायला निघू नये, हेच खरं. चार वर्षं धसकटं राखली, लोकांचं हसू सोसलं. तू जिंकलास. शाळू पेरायच्या आधी सगळा एकर नांगरून टाक. मला बघायला बोलावू नकोस, एवढंच.

मुलाबाळांना आशीर्वाद.
रतन

शेवगाव, १९ सप्टेंबर

ती. आक्कास, शि. सा. न. वि. वि.

ट्रॅक्टर तुझ्या बांधापर्यंत नेला, तिथंच बंद केला आणि चालत घरी आलो. खरं लिहितो. मे महिन्यात तुझं रस्त्याकडचं अर्धं रान मी न विचारता नांगरलं. टपरीवर आसाराम म्हणाला होता, काकाचा ट्रॅक्टर बहिणीच्या रानाला भितो. तीस वर्षं खोल नांगरटीची फुशारकी मारणारा मी, एका चहात विरघळलो. बनियन त्याच अर्ध्यात पुरला. मागच्या, न नांगरलेल्या अर्ध्यातही गुपचूप एक पुरला होता. तो उकरला तर हाती नुसते शिवणीचे नायलॉनचे दोरे आले. तुझं खरं ठरलं, ते सोसवेना, म्हणून दोरे चुलीत घातले. माझी अक्कल फाळाएवढी खोल असती तर ही पाळी आली नसती. चुकलो, आक्का.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.
काकासाहेब

कोपरगाव, २४ सप्टेंबर

चि. काकासाहेब यास आशीर्वाद, नाइलाजानं.

नांगरल्याचा राग आला, खोटं लिहिल्याचा त्याहून जास्त. आणि मीही कसली शहाणी! एका बनियनवर चार वर्षांची मेहनत उधळायला निघाले.

मागचं अर्धं तसंच राहू दे. रस्त्याकडच्या अर्ध्यात शाळू हातानं टोकायचा, तूच टोकायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. कुणी विचारलं तर खरं सांगायचं. जिवाणू परत वाढायला तीन-चार वर्षं लागतील. मी अडुसष्टची झाले, तरी दर पावसाळ्यात येऊन बघणार आहे. तोवर तब्येत सांभाळ. रागावायला मला दुसरा भाऊ नाही.

तुझी आक्का