बन्नूरच्या बस स्टँडवर विसरलेलं वाक्य

बोगादी, म्हैसूर
रविवार सकाळ

प्रिय सयाजीराव यास,

अप्पारावाचा नमस्कार. (वाकून करायचा तर गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरूनच घे.) तब्येत कशी आहे? साखर किती आली ते उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशी दोन्ही लिही. मागे तू नुसतं "नॉर्मल" कळवलंस, त्यावर माझा विश्वास बसला नाही. सुष्मा आणि जावईबापू खुशाल असतील. शिवमोग्ग्याची हवा तुला मानवली असं ऐकतो. इथे माझं चाललंय, थांबवता येत नाही म्हणून.

पत्राला निमित्त आमची नात हर्षिता. ती माझ्याजवळ राहून वकिलीचं शिकते. यंदा कॉलेजाने तिला आणि तिच्या पाच मित्रमैत्रिणींना एक काम लावलं : ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचे हक्क काय, हे लोकांना जाऊन सांगायचं. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, तपास कुठवर आला ते पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं असतं, असं सगळं एका पिवळ्या कागदावर कन्नडात छापलेलं. कागद चांगला जाड. (म्हणूनच पहिल्या दिवशी वाटलेले कागद दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शेंगदाणेवाल्याकडे पुड्या होऊन बसलेले दिसले.) पोरं बोगादीत दारोदार फिरली. एका बाईंनी त्यांना रद्दीवाले समजून दोन महिन्यांचे पेपर आणून दिले. दुसरीने कॉफी पाजली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि हर्षिताचं नक्षत्र विचारलं. एक रिटायर्ड गृहस्थ म्हणाले, आमच्या लेआउटात असल्या गोष्टी होत नाहीत. हे त्यांनी तीन कड्यांच्या दाराच्या फटीतून सांगितलं.

मग पोरांनी नाटक करायचं ठरवलं, तेही बन्नूरच्या बस स्टँडवर. एका म्हाताऱ्याची पिशवी चोर पळवतो, म्हातारा पोलिसांत जातो आणि न घाबरता आपला हक्क मागतो, एवढीच गोष्ट. म्हातारा व्हायचा होता धनुष म्हणून एक मुलगा. केसांना पावडर लावली, पण तालमीत ती घामाने ओघळली आणि तो म्हातारा न दिसता पिठाच्या गिरणीतून आलेला दिसायला लागला. तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला पावडरीची गरज नव्हती. धनुष चोर झाला. माझं वाक्य एकच : माझी पिशवी चोरीला गेली, तक्रार लिहून घ्या आणि नक्कल द्या. चार दिवस दाढी करताना ते कन्नडात घोकलं. (शेवटी दूधवाल्याने विचारलंच, पिशवीत काय होतं म्हणून.)

बन्नूरला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. धनुष पिशवी हिसकून पळाला, तसा एका ट्रॅक्टरवरून दांडगा गडी उतरला आणि त्याने धनुषला धरून दोन थोबाडीत दिल्या. हे नाटक आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हर्षिता धावत जाऊन समजावू लागली की आरोपीलाही हक्क असतात. तो म्हणाला, कागदात दाखव. आमच्या कागदात तेवढंच नव्हतं. पण धनुषच्या गालांनी एक काम केलं, शंभर-दीडशे माणसं जमली.

यशस्विनी नावाची मुलगी पोलीस झाली होती. खाकी शर्ट भावाचा, पट्टा सैल, एका हाताने धरलेला. तिने वही उघडून विचारलं, "अज्जा, एनायितु?" काय झालं, एवढंच. आणि सयाजी, माझं वाक्य गेलं. तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं. मी म्हणालो, "माझी बायको पडली."

मग थांबताच येईना. आम्ही दोघं सकाळी रिंग रोडच्या बाजूला फिरायला गेलो होतो, मागून स्कूटरवर दोघं आले, गळ्यातली साखळी तुटली नाही म्हणून तिला ओढत नेलं, खुब्याचं हाड मोडलं, अकरा आठवडे झोपून होती आणि गेली, सगळं सांगितलं. घरी आम्ही सांगितलं होतं की फाटकाजवळच्या ओल्या पायरीवर घसरली. तिचाच हट्ट, खरं कळलं तर मुलगा आपल्याला बेंगळूरला नेऊन फ्लॅटात बसवील म्हणाली. मी त्या दिवशी स्टेशनात गेलो होतो, हेही सांगितलं. तिथल्या माणसाने खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं, नंबर पाहिला का? कुणीच पाहिला नाही म्हणालो. मग काय लिहू, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पाणी पिऊन घरी आलो.

यशस्विनी वही तशीच धरून उभी होती. समोरची एक बाई म्हणाली, "आमेले?" मग पुढे काय? पुढे काहीच नव्हतं.

परतताना बसमध्ये हर्षिता माझ्या शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "अज्जा, अज्जीला लई दुकत होतं काय?" मी हो म्हणालो. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

त्यांच्या प्राध्यापिकेला प्रयोग फार आवडला. बेट्टदपुर गावी पुन्हा करा, आजोबांनी तेच सांगावं, फक्त थोडं आटोपशीर, असा निरोप आला. मी गुडघ्यांचं कारण दिलं.

बाकी ठीक. सुष्माला आशीर्वाद.

तुझा,
अप्पाराव

ता. क. शिवमोग्ग्याहून म्हैसूरला थेट गाडी आहे, बदलावी लागत नाही, असं हर्षिता सांगत होती. सहज लिहिलं.

ता. क. २. तिने माझी तक्रार लिहून काढली आहे. चार वर्षं झाली म्हणून घेणारच नाहीत असं नाही, म्हणते. तिथे आणखी कोण हजर होतं, हे लिहायला तिने जागा सोडली आहे. मी म्हणालो, तेवढं राहू दे.

ता. क. ३. दोघं नव्हतो, तिघं होतो. तू दहा पावलं पुढे होतास, स्कूटर तुझ्या शेजारून गेली. स्टेशनाच्या फाटकाशी माझा हात धरून म्हणालास, "नंबर मी पाहिलाय अप्पा, पण माझं नाव नको. सुष्माचं लग्न तोंडावर आलंय." मी नाव घेतलं नाही. पुष्पावतीनेही घेतलं नाही; अंथरुणात पडल्या पडल्या विचारायची मात्र, सयाजीभावजी का येत नाहीत? मला राग नाही. (थोडा आहे.) नंबर आता आठवत नसेल, तरी ये. ती जागा अजून कोरी आहे. तिथे तुझं नाव मी लिहिणार नाही, तू लिही.